४ प्लाय म्हणजे ४ नंबर नव्हे: लोकर घेताना या चुका टाळा

स्वेटर बिघडला की बोल विणणारीच्या हाताला लागतो. खरं तर टाके एकसारखे असतात, उलट-सुलट चोख असतं, छातीचं मापही दोनदा घेतलेलं असतं. घोळ झालेला असतो दुकानात, लोकर निवडताना. आणि तो जवळजवळ नेहमी एकाच जातीचा असतो: लेबलवरचा एक आकडा पाहायचा, तो नमुन्यातल्या आकड्याशी जुळला की खूश व्हायचं आणि पिशवी भरून घरी यायचं.

आधी एक खुलासा. इंग्रजी नमुन्यात ‘यार्न वेट’ असं लिहिलेलं असतं, त्याचा वजनकाट्याशी काही संबंध नाही. ती धाग्याची जाडी. ‘वेट १०० ग्रॅम का?’ असं दुकानदाराला विचारलंत तर तो मान डोलावून लोकरीची गुंडी हातात ठेवेल, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे.

चार आणि चार

अमेरिकन नमुन्यांत जाडी ० ते ७ अशा आकड्यांत दिलेली असते. ही क्राफ्ट यार्न कौन्सिलची पट्टी. तिच्यातला ४ नंबर म्हणजे मध्यम जाडीची, ‘वर्स्टेड’ लोकर. साध्या विणीत, म्हणजे एक ओळ सुलट एक उलट, ४ इंचांत तिचे १६ ते २० टाके बसतात आणि सुया लागतात साडेचार ते साडेपाच मिलिमीटरच्या. आपल्याकडे दुकानात मिळते ती ४ प्लाय मात्र ब्रिटिश बोलीतली. ती बारीक असते: ४ इंचांत २७ ते ३२ टाके, सुया सव्वादोन ते सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन पट्टीवर हिचा नंबर लागतो १. दोन्हीकडे ‘चार’ हा आकडा आहे, बाकी साम्य शून्य.

आता यातून काय होतं ते एका स्वेटरवर बघा. नमुना अमेरिकन, वडिलांसाठी, छाती ४० इंच. लोकर ४ नंबर, सुया ‘साइज ८’, ताण (म्हणजे ठरावीक मापात किती टाके बसतात ते) ४ इंचांत १८ टाके. म्हणजे इंचाला साडेचार टाके आणि गोल विणायला १८० टाके. विणणारीने ४ प्लाय लोकर आणली आणि सुया आणल्या ८ नंबरच्या. इथे दुसरा सापळा. अमेरिकन ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबर ४ मिलिमीटरचा, आणि ही मोजणी उलटी चालते, नंबर वाढला की सुई बारीक. १० नंबर तर अमेरिकेत ६ मिलिमीटर आणि आपल्याकडे सव्वातीन!

बारीक लोकर, बारीक सुई. ताण पडला इंचाला सहा टाके. १८० भागिले ६ म्हणजे ३० इंच. वडिलांच्या छातीवर बसायचा तो स्वेटर आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाचा झाला, तोही ढगळ विणीचा. यावर ‘मग सुई ५ मिलिमीटरची घेऊ’ हा इलाज सुचतो. तोही फसतो. ४ प्लाय लोकर पाच मिलिमीटरवर विणली की कापड पिठाच्या चाळणीसारखं होतं, कोपर दोन दिवसांत लोंबतं आणि थंडी बिनदिक्कत आत येते. योग्य सुईवर, म्हणजे सव्वातीनवर विणलीत तर इंचाला सात टाके पडून छाती पावणेसव्वीस इंचांवर येते. कुठल्याही वाटेने गेलं तरी शेवट उसवण्यातच.

आणि हे सगळं कधी कळतं? पाठ पूर्ण झाल्यावर. कारण सुईवर टाके गोळा झालेले असतात, रुंदी दिसत नाही, आणि मोजून बघायला कुणाला सवड नसते.

पदर मोजून जाडी कळत नाही

दुकानात एक दृश्य नेहमीचं. धाग्याचं टोक चिमटीत धरायचं, पीळ उलटा फिरवायचा, पदर सुटे करायचे, मोजायचे आणि जाहीर करायचं, ‘चारच आहेत, म्हणजे ४ प्लाय.’ मुळात प्लाय म्हणजे पदर हे खरं. पण पदर किती जाड, ते त्यात कुठे आलं? केसासारखे आठ पदर एकत्र पिळले तरी धागा बारीकच राहतो. उलट सैल पिळाची एकपदरी लोकर करंगळीएवढी जाड असू शकते. शिवणाचा तीन पदरी दोरा आणि तीन पदरी सुंभ एकाच जाडीचे असतात का?

त्यात देशोदेशी भाषा वेगळी. ऑस्ट्रेलियन नमुन्यातली ८ प्लाय म्हणजे डीके (‘डबल निटिंग’, ४ प्लाय आणि वर्स्टेडच्या मधली जाडी) आणि १० प्लाय म्हणजे वर्स्टेड. तिथे पदर किती हा प्रश्नच नसतो, ते जाडीचं नाव झालेलं आहे. सुती धाग्यावर ‘८/४’ असं छापलेलं दिसलं तर तेही ८ प्लाय नव्हे. त्यात ८ हा सुताचा काउंट, म्हणजे सूत किती बारीक ते सांगणारा आकडा, आणि ४ हे पदर. १०० ग्रॅमला साधारण ३४० मीटर भरणारा तो बारीक धागा आहे. खेळणी करायला जाड धागा हवा म्हणून तो आणाल तर ससा उंदराएवढा होईल.

मग बघायचं काय? मीटर. १०० ग्रॅममध्ये किती मीटर धागा आहे, एवढंच. लोकरीला ढोबळ हिशोब असा: ४०० मीटरच्या आसपास असेल तर ४ प्लाय, २०० ते २५० असेल तर डीके, १६० ते २०० असेल तर वर्स्टेड किंवा अरान, १०० ते १३० असेल तर चंकी. गुंडी ५० ग्रॅमची असेल तर लेबलवरचे मीटर दुप्पट करा. लेबलवर ताणाचा छोटा चौकोनही असतो, ४ इंचांत किती टाके, किती मिलिमीटरची सुई. मीटर आणि हा चौकोन, दोन्ही नमुन्याशी जुळले की पुढचं नाव काहीही असो.

लेबल नसलेली, तोलून मिळणारी लडी असेल तर वीस मीटर मोजून काढा आणि ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. ५ ग्रॅम भरली तर १०० ग्रॅमला ४०० मीटर, ९ ग्रॅम भरली तर सव्वादोनशेच्या आसपास. पाच मिनिटांचं काम. पट्टीवर एक इंचात धाग्याचे किती वेढे बसतात ते मोजण्याची पद्धतही आहे, पण लोक धागा असा ओढून गुंडाळतात की डीकेसुद्धा बारीक निघते. शिवाय जाडीचे गट वेढ्यांत एकमेकांत शिरतात, १२ वेढे दोन-तीन गटांत बसतात. काटा असताना त्या वाटेला जाऊच नये.

ग्रॅम जुळवून लोकर घेणे

‘नमुन्यात ३०० ग्रॅम आहे, ३०० ग्रॅम द्या.’ हे वाक्य कानावर आलं की पुढचं सगळं दिसायला लागतं. नमुना अॅक्रिलिकचा असतो, ५० ग्रॅमच्या सहा गुंड्या, प्रत्येकीत १२५ मीटर. म्हणजे एकूण ७५० मीटर. आपण उन्हाळ्यात घालायला म्हणून सुती धागा घेतो, त्याच जाडीचा, पण ५० ग्रॅमला ८५ मीटर. कापूस अॅक्रिलिकपेक्षा जड, त्यामुळे त्याच वजनात धागा कमी येतो. सहा गुंड्यांत झाले ५१० मीटर. डावी बाही सुरू व्हायच्या आत धागा संपतो. लागणार होत्या नऊ.

मग दुकानात पळापळ. रंगाचा क्रमांक तोच मिळतो, लॉट, म्हणजे रंगवण्याची खेप, वेगळा. दोन्ही गुंड्या शेजारी-शेजारी ठेवून बघितलं तर फरक दिसत नाही. विणल्यावर दंडाच्या मधोमध सरळ रेघ उमटते आणि धुतल्यावरही जात नाही. यावर कुणी ‘बॉर्डरला वापरू’ म्हणतं, कुणी एक-एक ओळ आलटून पालटून विणतं. दुसरा उपाय चालतो, पण तो आधी सुचायला हवा. माझा नियम साधा: नमुन्यातले मीटर घ्यायचे, त्यात दहा टक्के घालायचे, एकाच लॉटच्या गुंड्या घ्यायच्या. उरलेल्या एका गुंडीत बाळाचं टोपडं होतं, वाया काही जात नाही.

नऊ गुंड्या म्हणजे ४५० ग्रॅम, तेव्हा तो सुती टॉप अंगावर स्वतःच्या वजनानेच खाली उतरणार हेही धरून चाला. लांबी विणताना थोडी कमीच ठेवा.

तुकडा न विणता टाके घालणे

नवशिक्यांची घाई इथे सगळ्यात जास्त दिसते. ‘मी बरोबर लेबलप्रमाणेच विणते.’ बरं. २२० टाक्यांचा स्वेटर, ताण ४ इंचांत २२ टाके असेल तर ४० इंच. तुमचा हात जरा घट्ट असून २४ पडले तर पावणेसदतीस. दोन टाक्यांचा फरक, सव्वातीन इंचांची चोरी. म्हणून आधी सहा इंचांचा चौकोनी तुकडा विणा, मधले चार इंच मोजा. कडेचे टाके नेहमी खोटं बोलतात. मोजण्याआधी तो धुवा आणि सपाट वाळवा. जी लोकर मशीनमध्ये धुता येते अशी प्रक्रिया केलेली असते ती पाण्यात पसरते, आणि हे कोरड्या तुकड्यावर कळायचं नाही. टाके जास्त पडत असतील तर सुई अर्ध्या मिलिमीटरने वाढवा. हात मुद्दाम सैल सोडून विणू नका, तिसऱ्या ओळीत तो पुन्हा मूळपदावर येतो.

सुयांच्या बाबतीत नंबर विसरा आणि मिलिमीटर बोला. भोकांची मापपट्टी बाळगा. घरातल्या जुन्या सुयांवरचे आकडे घासून गेलेले असतात.

दोन धागे एकत्र घेऊन जाडी वाढवता येते, पण प्लायची बेरीज करून नव्हे. मीटरला भागा: ४०० मीटरची लोकर दुपदरी घेतली की २००, म्हणजे जाडसर डीके. होजिअरीच्या कोनवर (शंकूच्या आकाराच्या रिळावर) २/३२ असा मेट्रिक काउंट असेल तर तो १०० ग्रॅमला १६०० मीटर. चार धागे एकत्र घेतले की ४ प्लाय हातात.

मोहेरला (अंगोरा शेळीच्या लवदार लोकरीला) मात्र मीटरचा हिशोब लावू नका. २५ ग्रॅमला २१० मीटर म्हणजे नुसता कोळ्याचा धागा, पण त्याची लव इतकी फुलते की तो ४ मिलिमीटर आणि त्याहून जाड सुईवरच शोभतो. पहिल्याच कामाला मोहेर किंवा काळी लोकर घेणाऱ्यांना काय म्हणावं? टाका दिसत नाही, आणि मोहेर धड उसवतही नाही.

क्रोशेवाल्यांसाठी

त्याच जाडीला क्रोशाची सुई विणकामाच्या सुईपेक्षा जाड लागते. डीकेला साडेचार ते साडेपाच मिलिमीटर. तेवढ्याच कापडाला धागाही जास्त जातो, मी तर पाव हिस्सा वाढवूनच धरते. खेळण्यांचं उलट: डीकेला अडीच-तीन मिलिमीटरची सुई, नाहीतर मुक्या खांबांच्या फटींतून आतला कापूस डोकावतो.

आणि तोरणाचा सुती दोरा. त्याचे नंबर १०, २०, ४० असे चढतात आणि दोरा बारीक होत जातो. १० नंबरवर दाराच्या चौकटीभर होणारं तोरण ४० नंबरवर तेवढ्याच साखळ्यांनी, तेवढ्याच खांबांनी केलंत तर देव्हाऱ्यापुरतं होईल. १० ला दीड ते पावणेदोन मिलिमीटरची सुई, ४० ला एक किंवा त्याहून बारीक. तोरणाची पहिली कमान पूर्ण झाली की थांबा, पट्टी लावा, चौकटीच्या रुंदीला भागा. कमानी पूर्णांकात येत नसतील तर आत्ताच एक साखळी कमी-जास्त करा. चौदाव्या कमानीनंतर ते जमत नाही.