गाडीच्या एसीचा गॅस दरवर्षी संपतोय? आधी रबरी सील बघा

मार्च आला की एसी गार करत नाही, मग गॅरेजला जाऊन गॅस भरायचा, असं मी सलग दोन वर्षं केलं. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या मेकॅनिकने कंडेन्सरच्या (एसीचा गॅस गार करणारी पुढची जाळी) पाइपचा जॉइंट दाखवला, त्यावर तेलकट धूळ चिकटलेली आणि आतली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, सुकून कडक झालेली. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो, सिस्टिम सगळीकडून बंदिस्त असते, वर्षाला किंचित झिरपतो ते सोडा पण एका वर्षात गार करणं थांबलं म्हणजे कुठेतरी लीक आहेच. तो शोधल्याशिवाय गॅस भरून घेऊ नका.

सील सुकतं कशाने? एसीचं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणारा पंप) शाफ्टचं सील त्याच तेलाने ओलं राहतं. आपण दिवाळीनंतर एसी बंद करतो तो थेट फेब्रुवारीत लावतो, तोवर ते कोरडं पडतं. म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. पावसाळ्यात तर काचेवरचं धुकं घालवायला तो लावावाच लागतो.

ओ-रिंग बदलायचं काम घरी करू नका, आत प्रेशर असतं आणि गॅस उडाला तर गारठ्याने कातडी, डोळे भाजतात. पण गॅरेजमध्ये उभं राहून बघा. जॉइंट उघडला की जुनी रिंग परत बसवायची नाही, नवीच पाहिजे, आणि ती गाडीच्या गॅसला चालणारी, हार्डवेअरच्या दुकानातली साधी काळी नव्हे. आर-१३४ए नावाच्या एसी गॅसच्या गाड्यांत एचएनबीआर जातीचं रबर असतं, बहुतेकदा हिरवं, तरी नुसत्या रंगावर जाऊ नका. बसवताना कॉम्प्रेसरचंच तेल बोटाने लावायचं, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही. कॉम्प्रेसरचं पीएजी जातीचं तेल हवेतला ओलावा पटकन शोषतं त्यामुळे उघडी पडलेली बाटली वापरू देऊ नका. नट आवळताना दोन पाने लावायचे, नाहीतर अॅल्युमिनियमचा पाइप पिळतो. मग अर्धा तास तरी व्हॅक्युम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा, त्यानंतरच गॅस.

इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची बाजू मात्र घरी तपासता येते, तिथेही रबरी सीलच असतात, फक्त इंजिन पूर्ण गार पाहिजे, गरम असताना रेडिएटरच्या कॅपला हात लावायचा नाही म्हणजे नाही. कॅपचं रबर तडकलंय का ते बघा. ही कॅप साधारण ०.९ ते १.१ बार प्रेशर धरते म्हणून साधं पाणीही १०० डिग्रीला न उकळता १२० च्या आसपास उकळतं, रबर गेलं की हे प्रेशर टिकत नाही आणि गाडी कसारा घाटात चढावर गरम होते. नवी घेताना जुनीवरचाच आकडा बघून घ्या. होस पाइप दाबून बघा, फार कडक किंवा पिचपिचीत लागला तर बदला. क्लिपपाशी पांढरट, हिरवट, गुलाबी खपली दिसली तर तिथून कूलंट झिरपून वाळलंय. वॉटर पंपाला खाली बारीक भोक असतं, तिथून थेंब पडत असतील तर आतलं सील गेलं, पंपच बदलायचा.

बोअरचं पाणी टाकून काम भागवू नका, त्यातले क्षार आणि गंज सीलवर घासतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं, वेगवेगळे कूलंट मिसळायचे नाहीत. लीक बंद करायची पावडर तर नकोच, ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

आत गोडसर वास येतोय, काचेवर चिकट धुकं धरतंय, डावीकडचं मॅट ओलं आहे, तर हीटर कोअर, म्हणजे गरम कूलंट फिरणारी हीटरची छोटी जाळी, लीक आहे. मॅटवर साधं, बिनवासाचं पाणी असेल तर बहुतेक एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, तो साफ केला की झालं.

अजून एक, वॉशिंग सेंटरवाले इंजिन धुऊन झाल्यावर चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेल मारतात, त्याने कूलंटच्या होसचं रबर फुगतं आणि मऊ पडतं, त्यांना गाडी लावतानाच सांगा की फक्त पाणी.