जंगलाची माती कशी वाचावी

एखाद्या जंगलाची घडण समजून घ्यायची असेल, तर झाडांची उंची मोजण्याआधी पायाखालचा पालापाचोळा उचकून पाहावा. खुरपे, मोजपट्टी आणि भिंग एवढी सामग्री पुरते. खोदण्याची परवानगी मात्र आधी घ्यावी.

पायवाट आणि मोठे बुंधे टाळून सुमारे 30 सेंटिमीटर खोल उभा छेद घ्यावा. वर ओळखू येणारी पाने, त्याखाली त्यांचे तुकडे आणि तळाशी काळसर ह्यूमस, म्हणजे ओळखू न येण्याइतका कुजलेला पाचोळा, दिसेल. प्रत्येक थराची जाडी नोंदवावी. ह्यूमस खालच्या मातीत हळूहळू मिसळत गेला असेल, तर तेथे बहुधा गांडुळांसारख्या जीवांनी माती वरखाली केलेली असते. दोन्हींमधील सीमा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असेल, तर माती बहुधा आम्ल असते आणि कुजवण्याचे काम मुख्यतः बुरशीकडे असते. डेन्मार्कचे वनशास्त्रज्ञ पी. ई. म्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन प्रकारांना अनुक्रमे ‘मल’ आणि ‘मोर’ म्हटले. (पहिले नाव मराठी कानाला विचित्र वाटते, पण ते चांगल्या मातीचे आहे.)

जाड थर म्हणजे सुपीक जमीन, हा समज येथे सोडावा लागतो. थराची जाडी म्हणजे पडणारा पाचोळा आणि त्याचे कुजणे यांतील तफावत होय. पुरेसा ओलावा असताना तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले, तर कुजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. कोरड्या मातीत तो मंदावतो आणि पाणी साचलेल्या मातीत प्राणवायूअभावी रखडतो. म्हणूनच उष्ण व दमट वनांत पाचोळ्याचा थर पातळ राहतो आणि पोषकद्रव्ये झपाट्याने पुन्हा झाडांत जातात, तर थंड प्रदेशातील सूचिपर्णी वनांत ती वर्षानुवर्षे जमिनीवरच अडकून पडतात.

मग बारीक मुळांची टोके भिंगाखाली धरावीत. ती आखूड, फुगीर आणि बुरशीच्या आवरणाने वेढलेली दिसली, तर ती बाह्य कवकमुळे होत, म्हणजे बाहेरून बुरशीने वेढलेली आणि तिच्याशी सहजीवनात असलेली मुळे. थंड प्रदेशांतील वनांत त्यांचे प्राबल्य असते. उष्ण प्रदेशांत बहुतेक झाडांची सहजीवी बुरशी मुळांच्या पेशींत शिरते व सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही, त्यामुळे भिंगाखाली काही दिसले नाही म्हणून बुरशी नाही असे लिहू नये.

कुजण्यातील हवामानाचा आणि जीवांचा वाटा वेगळा काढण्यासाठी एकाच झाडाची वाळलेली पाने प्रत्येकी 10 ग्रॅम याप्रमाणे जाळीच्या पिशव्यांत भरावीत. निम्म्या पिशव्यांची छिद्रे काही मिलिमीटरची, उरलेल्यांची इतकी बारीक असावीत की किडे व गांडुळे आत शिरू नयेत. दोन्ही प्रकारच्या पिशव्या सावलीच्या ओलसर जागी आणि उघड्या कोरड्या उतारावर ठेवाव्यात. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी काही उचलून, माती झटकून, पाने पुन्हा वाळवून वजन करावे. एकाच प्रकारच्या पिशव्यांत जागेनुसार पडणारा फरक मुख्यतः ओलावा व तापमानाचा असतो, आणि एकाच जागी जाळीनुसार पडणारा फरक बव्हंशी प्राण्यांचा. बारीक जाळी ओल धरून ठेवते आणि मोठ्या छिद्रांतून पानांचे तुकडे गळतात, म्हणून दुसरा आकडा थोडा सावधपणे वाचावा.