युरोपीय नागरिकाच्या भारतीय जोडीदाराने युरोपातील प्रवासासाठी व्हिसाचे काय करावे

नवरा किंवा बायको युरोपीय संघातील एखाद्या देशाची नागरिक आणि स्वतःकडे मात्र भारतीय पासपोर्ट, अशी जोडपी आता महाराष्ट्रात विरळ राहिलेली नाहीत. गोव्यात तर १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नोंदीवरून नवऱ्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले आणि बायको भारतीयच राहिलेली, हे नेहमी दिसते. अशा घरात युरोपचा प्रवास ठरला की बहुधा साध्या पर्यटक व्हिसाचीच तयारी सुरू होते: बँकेचे खातेउतारे, प्रवास विमा, हॉटेलची आरक्षणे आणि ९० युरो शुल्क. यातले बरेचसे अशा जोडीदाराकडून कायद्याने मागताच येत नाही. ते माहीत नसल्यामुळे लोकांचे पैसे आणि महिने वाया जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एकच गोष्ट तपासावी: युरोपीय जोडीदार स्वतःच्या देशात चालला आहे की संघातील दुसऱ्या देशात? पुढचे सगळे यावरच ठरते. २९ एप्रिल २००४ रोजी संमत झालेला २००४/३८ क्रमांकाचा युरोपीय निर्देश संघाच्या नागरिकाला आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्या किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या कुटुंबीयांना संचाराचा हक्क देतो, पण तो हक्क नागरिक आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात गेला तरच लागू होतो. पोर्तुगीज नवऱ्याबरोबर फ्रान्सला किंवा आयर्लंडला जाणाऱ्या बायकोला हा निर्देश लागू आहे; त्याच नवऱ्याबरोबर लिस्बनला जाताना तो लागू नाही आणि तिथे पोर्तुगालचे व शेंगेनचे, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचे, सर्वसाधारण नियम पाळावे लागतात. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या देशांतही हा निर्देश चालतो, तर स्वित्झर्लंडने वेगळ्या कराराने जवळपास तसेच हक्क मान्य केले आहेत.

मायदेशी परतणाऱ्यांना एक अपवाद आहे, आणि त्याच्या मुळाशी एक भारतीय नवरा आहे. ब्रिटिश बायकोबरोबर जर्मनीत काही वर्षे नोकरी करून ब्रिटनला परतलेल्या सुरिंदर सिंग यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १९९२ साली निर्णय दिला की, दुसऱ्या सदस्य देशात राहून आलेल्या नागरिकाच्या जोडीदाराला परतल्यावरही संघाच्या कायद्याचे संरक्षण मिळते. पुढे २०१४ च्या निर्णयाने तिथले वास्तव्य खरेखुरे आणि तीन महिन्यांहून अधिक असले पाहिजे, केवळ शनिवार-रविवारच्या फेऱ्या पुरेशा नाहीत, हे स्पष्ट झाले.

दुसरी तपासणी स्वतःच्या हातातल्या कार्डाची. निर्देशाच्या दहाव्या कलमानुसार दिलेल्या कार्डावर ते संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचे निवास कार्ड आहे, असे त्या त्या देशाच्या भाषेत छापलेले असते. ते हाती असेल आणि प्रवास युरोपीय जोडीदाराबरोबर किंवा त्याच्याकडे जाण्यासाठी असेल, तर इतर सदस्य देशांत व्हिसा लागतच नाही. पाच वर्षांनंतर मिळणाऱ्या कायम निवासाच्या कार्डालाही ही सूट आहे, असे न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितले.

घोटाळा होतो तो इथेच. जर्मन नागरिकाची भारतीय बायको जर्मनीत राहते तेव्हा तिला जर्मन कायद्याचा परवाना मिळतो, दहाव्या कलमाचे कार्ड नव्हे, कारण तिचा नवरा स्वतःच्याच देशात आहे. त्या परवान्यावर ती इतर शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस व्हिसाविना राहू शकते, पण आयर्लंड शेंगेनमध्ये नसल्याने तिथे जायला तिला व्हिसा घ्यावा लागतो, अर्थात विनाशुल्क. याच्या उलट, डब्लिनमध्ये राहणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाच्या बायकोकडे कुटुंबीयाचे आयरिश कार्ड असेल तर ती नवऱ्याबरोबर पॅरिसला व्हिसाविना जाऊ शकते. एकटी मैत्रिणीकडे निघाली तर मात्र तिला व्हिसा लागेल. आयरिश नागरिकाच्या बायकोचे कार्ड दिसायला तसेच असले तरी ते दहाव्या कलमाचे नसते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कार्डावरील मजकूर अक्षर न् अक्षर वाचावा.

कार्ड नसेल, म्हणजे दोघे भारतातूनच निघणार असतील, तर ज्या देशात मुख्य मुक्काम आहे त्याच्या वाणिज्य दूतावासाकडे अल्पकालीन व्हिसाचा अर्ज करावा. हा व्हिसा विनामूल्य आणि शक्य तितक्या लवकर द्यायचा असतो. चार आठवड्यांहून अधिक विलंब वाजवी नाही, असे युरोपीय आयोगाने २००९ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. अर्जातील ज्या रकान्यांवर तारांकन आहे, ते नोकरी, मुक्काम आणि खर्चाची सोय यांविषयीचे रकाने कुटुंबीयांनी भरायचे नसतात. अर्ज थेट दूतावासात देण्याचा हक्क आहे, आणि व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क तेव्हाच द्यावे लागते जेव्हा आपण आपणहून केंद्राची सोय वापरतो. माझा सल्ला असा की, आधी दूतावासाला लेखी विचारणा करावी आणि तिचे उत्तर जपून ठेवावे. प्रवास जवळ आला असेल तर केंद्रात जाऊन सेवाशुल्क भरायला हरकत नाही, पण व्हिसाचे शुल्क मात्र भरू नये.

जोडायचे ते एवढेच: स्वतःचा वैध पासपोर्ट, जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत, विवाहाचा पुरावा आणि दोघे एकत्र जात असल्याचे किंवा जोडीदार तिथे असल्याचे दाखवणारे काही, उदाहरणार्थ दोघांची तिकिटे किंवा जोडीदाराचे सहीचे पत्र. लग्न कधी आणि कुठे झाले याने फरक पडत नाही, हे न्यायालयाने २००८ मध्ये आयर्लंडच्या एका प्रकरणात ठरवले. समलिंगी विवाहाचा जोडीदारही यात येतो, हे २०१८ मध्ये ठरले.

आपल्याकडची खरी अडचण कायद्याची नसून नावाची असते. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि मधले नाव नवऱ्याचे, कधी पहिले नावही बदललेले. अशा वेळी ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे परदेशी अधिकाऱ्याला कागदावर दिसले पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची प्रसिद्धी झाली असेल तर तिची प्रत, किंवा माहेरच्या नावाचा जुना पासपोर्ट जोडावा. लग्नपत्रिका आणि फोटो यांचा विवाहाचा पुरावा म्हणून उपयोग नाही. महानगरपालिकेचे, ग्रामपंचायतीचे किंवा गोव्यात नागरी निबंधकाचे प्रमाणपत्रच हवे. त्यावर राज्य शासनाचे साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून केलेले प्रमाणीकरण) करून घ्यावे, आणि प्रमाणपत्र केवळ मराठीत असेल तर त्याचे अधिकृत भाषांतर सोबत असावे. हे काम निघण्याच्या दोन-तीन महिने आधी हाती घ्यावे, कारण सगळा वेळ इथेच जातो.

जोडीदार ब्रिटिश असेल तर यातले काहीही लागू नाही. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यापासून ब्रिटिश नागरिकाच्या भारतीय जोडीदाराला शेंगेनसाठी नेहमीचा सशुल्क व्हिसाच काढावा लागतो. त्याचप्रमाणे युरोपीय संघाचे कार्ड दाखवून लंडनला जाता येत नाही.

किती दिवस राहता येते, हाही प्रश्न वारंवार येतो. युरोपीय जोडीदाराबरोबर असताना प्रत्येक सदस्य देशात तीन महिन्यांपर्यंत राहण्याचा हक्क आहे. एकट्याने फिरताना मात्र ९० दिवसांचा सर्वसाधारण हिशेब सुरू होतो. म्हणून दोघांचा एकत्र प्रवास दाखवणारी तिकिटे आणि मुक्कामाच्या पावत्या परत येईपर्यंत टाकून देऊ नयेत.

व्हिसा नाकारला गेला तर कारणे लेखी मागावीत. सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा खोटा विवाह अशी कारणेच येथे चालतात; बँकेत पुरेसे पैसे नाहीत हे कारण चालत नाही. अपील करता येते, किंवा सदस्य देशांच्या प्रशासनांतर्फे चालणाऱ्या ‘सॉल्व्हिट’ या विनामूल्य सेवेकडे ऑनलाइन तक्रार नोंदवता येते.

विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवरील कर्मचाऱ्याला दहाव्या कलमाचे कार्ड ओळखीचे असेलच असे नाही, आणि चुकीच्या प्रवाशाला नेल्यास कंपनीला दंड होतो म्हणून तो घाबरून नकार देऊ शकतो. निर्देशाच्या पाचव्या आणि दहाव्या कलमांची छापील प्रत, विवाह प्रमाणपत्र आणि जोडीदाराचा पासपोर्ट हातातल्या पिशवीत असावा, सामानात नव्हे. सीमेवर पोहोचलेल्या कुटुंबीयाकडे व्हिसा नसला तरी कागद मिळवण्याची किंवा नाते सिद्ध करण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याला परत पाठवता येत नाही. तरीही त्या भरवशावर मुंबईहून निघू नये, कारण ती संधी युरोपच्या सीमेवर मिळते आणि त्याआधी विमानात बसू देणारा कंपनीचा कर्मचारी असतो.