नर माशात अंडी सापडली? निष्कर्ष काढण्याआधी या चुका टाळा

'प्रदूषणामुळे नर मासे मादी होतायत' ही बातमी अधूनमधून फिरत असते. बातमी खोटी नसते, पण तिच्यावरून काढलेले अर्थ बरेचदा घसरतात.

पहिली चूक म्हणजे मासा कोणता हेच न बघणं. आपल्या खाडीतला जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. मोठे जिताडे बहुतेक माद्याच. हेकरूचं बरोबर उलटं. बदलाच्या काळात अशा माशात दोन्ही ऊती दिसल्या तर त्यात कारखान्याचा काय दोष? अभ्यासाला लिंग न बदलणारी जातच घ्यावी. ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात टाइन आणि मर्सी नद्यांच्या मुखाशी म्हणूनच फ्लाउंडर तपासला गेला, आपल्या लेपीसारखा चपटा मासा. नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन, म्हणजे अंड्यातल्या बलकासाठीचं प्रथिन, सापडलं. मर्सीतल्या काही नरांच्या वृषणात तर अंडपेशीही होत्या.

या दोन गोष्टी एकच समजू नका. व्हायटेलोजेनिनचं जनुक नरातही असतं, फक्त एरवी ते गप्प असतं. इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, पोचलं की यकृत कामाला लागतं. त्यामुळे ते सापडलं तर संपर्क सिद्ध होतो, वंध्यत्व नाही.

आणि नाहीच सापडलं तर? आधी नमुना तपासा. हे प्रथिन लवकर तुटतं. जिवंत माशाच्या शेपटीकडच्या शिरेतून रक्त घ्यायचं, त्यात प्रथिन तुटू न देणारं रसायन घालायचं, लगेच बर्फात ठेवायचं. बाजारातला मासा चालत नाही. रक्त गेलेलं असतं आणि तो नेमका कुठे पकडला हेही कळत नाही. स्वच्छ जागेचे नर तुलनेला हवेतच.

सगळं खापर प्लॅस्टिकमधल्या इस्ट्रोजेनसारख्या रसायनांवर फोडण्याची घाई तर सर्रास. सांडपाण्यात माणसाच्या लघवीतली नैसर्गिक संप्रेरकं आणि गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन असतं, आणि तेच कितीतरी जास्त जोरदार. कॅनडातल्या ओंटारिओत एका तळ्यात 2001पासून तीन उन्हाळे हे गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. तिथले फॅटहेड मिनो मासे जवळपास संपले. पण ते बंदिस्त गोड्या पाण्याचं तळं होतं. भरती-ओहोटीच्या किनाऱ्याला तो निकाल जसाच्या तसा लावू नका.

बोटींच्या रंगातलं टीबीटी (ट्रायब्युटिलटिन) हे रसायन यात मिसळू नका. त्यानं समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटायचं, म्हणजे दिशाच उलटी. जहाजांवर त्याला 2008पासून जागतिक बंदी आहे.