चेंडूला हात लावू नका, लाटेवर सोडा
मालवण-रत्नागिरीकडची पोरं खाडीत माशासारखी पोहतात, पण वॉटरपोलोचा, म्हणजे पाण्यात पोहत खेळायच्या गोलांच्या खेळाचा, चेंडू पुढ्यात आला की वेग पडतो. कारण प्रत्येक हात मारताना ती चेंडू ढकलायला जातात. चेंडू दोन्ही हातांच्या मधे, तोंडापुढे राहू द्या. डोकं वर, कोपरं उंच, हात आखूड आणि भराभर मारा. छातीपुढे उठणारी लाटच तो 400-450 ग्रॅमचा चेंडू पुढे नेते. डोकं वर ठेवलं की कंबर बुडते, म्हणून पाय जोरात मारा. 20 मीटर आधी चेंडूशिवाय, मग चेंडूसह पोहून दोन्हींना लागलेला वेळ लिहून ठेवा; हा फरकच कमी करायचाय. सराव मात्र पोहण्याच्या तलावात. खाडीत ओहोटी लागली की चेंडू पुढे, आपण मागे!