बंबाला सेन्सर, गीझरला लगाम

नाशिकची थंडी, त्यात आमचं घर निफाडच्या रस्त्याला. गीझरचं बिल झोंबायला लागलं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या मात्र फुकट, म्हणून माळ्यावरचा तांब्याचा बंब मागच्या पडवीत उतरवला आणि गीझर स्मार्ट प्लगवर (फोनवरून चालू-बंद होणाऱ्या प्लगवर) टाकला.

एक गोष्ट आधी पक्की करा: थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला बंद करणारा स्विच, वीज तोडतो, विस्तव विझवत नाही. म्हणून बंबाला नुसता तापमान सांगणारा सेन्सर. हुकूम चालतो तो गीझरवर.

लांब वायरीचा, स्टीलच्या वॉटरप्रूफ प्रोबचा (पाण्यात सोडायच्या कांडीचा) वायफाय सेन्सर घ्या. प्रोब वरच्या तोंडातून वीतभर आत सोडा, पण मधल्या नळीला टेकू देऊ नका. आत निखारे असतात, आकडा भलताच येतो. माझा पहिल्या दिवशी 90 दाखवत होता आणि आई नळाखाली बोट धरून म्हणाली, "अरे, कोमटच आहे की!" वायर धुराड्यापासून लांब बांधा.

ॲपमधला माझा नियम: सकाळी 6 वाजता बंब 45 अंशांखाली असेल तरच गीझर 20 मिनिटं चालू. पाणी 60 वर गेलं की फोन वाजतो, मग काड्या टाकणं बंद. निखारे पुढेही तापवत राहतातच.

प्लग 16 अँपिअरचाच घ्या. 2000 वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. माझ्या 10 वाल्याला चौथ्या दिवशी जळका वास आला.

पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नका, डाख सुटतो. बंद न्हाणीत तर नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.