पाहुण्या संघाचे चाहते असाल, तर तिकीट काढण्यापूर्वी

परक्या मैदानावर आपल्या संघाचा सामना पाहायचा असेल, तर यजमान संघाने पाहुण्या चाहत्यांना नेमके कसे अडवले आहे, हे आधी शोधावे. कारण बंधनाचा प्रकार बदलला की तिकिटाची वाटही बदलते.

अमेरिकेत हे बंधन बहुधा पत्त्यावर असते. जानेवारी 2014 मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्स या अमेरिकन फुटबॉल संघाने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्याची तिकिटे वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो, मोंटाना, अलास्का, हवाई आणि कॅनडातील दोन प्रांत एवढ्याच भागांतील रहिवाशांना विकली. समुद्रापलीकडचे हवाई चालले, ऑरेगनला लागून असलेले, सॅन फ्रान्सिस्कोचे राज्य कॅलिफोर्निया मात्र यादीत नव्हते. येथे क्रेडिट कार्डाच्या बिलाचा पत्ता पाहिला जातो, त्यामुळे हॉटेलचा पत्ता टाकून काही साधत नाही. ऑर्डर रद्द होऊन पैसे परत मिळतात, पण तोवर विमानाचे आरक्षण केलेले असेल तर तो भुर्दंड आपलाच. म्हणून आधी सामन्याचे तिकीट पक्के करावे, मगच प्रवासाचे पाहावे. असे बंधन सहसा थेट विक्रीपुरते असते, त्यामुळे अधिकृत पुनर्विक्रीचा पर्याय उरतो, मात्र तो महाग पडतो. जर्सीचे नियमही वाचावेत: टँपा बे लाइटनिंग या आइस हॉकी संघाने 2015 मध्ये काही खास कक्षांत पाहुण्या संघाचे कपडे घालण्यास मनाई केली होती.

युरोपीय फुटबॉलमध्ये पत्त्याऐवजी कोटा असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या चाहत्यांसाठी साधारण 3,000 जागा ठेवतात आणि ती तिकिटे यजमानांकडे नव्हे, तर आपल्याच क्लबकडे मागावी लागतात. मागणी जास्त असली की पूर्वी बाहेरगावचे सामने पाहिलेल्या सदस्यांना बहुधा अग्रक्रम मिळतो, म्हणून सदस्यत्व लवकर घ्यावे आणि कमी गर्दीच्या सामन्यांपासून सुरुवात करावी. यजमानांच्या स्टँडमधले तिकीट मिळवून गुपचूप बसण्याचा मोह टाळावा. एका गोलवर उडालेला आनंदाचा चीत्कारही बाहेर काढले जाण्यास पुरतो. शिवाय इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिकिटांची अनधिकृत पुनर्विक्री 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

एप्रिल 2022 मध्ये जर्मनीच्या फ्रँकफर्ट क्लबच्या चाहत्यांना बार्सिलोनाच्या मैदानावर सुमारे 5,000 तिकिटे मिळाली होती, प्रत्यक्षात अंदाजे 30,000 जण आत होते. त्यानंतर बार्सिलोनाने नावानिशी तिकिटे देण्याचे जाहीर केले. तेव्हा दुसऱ्याकडून तिकीट घेताना त्यावरचे नाव बदलून मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारावे.